शाळांची रोबोटिक्स लीग: एक सामना कितीला पडतो ते आधी काढा

फुटबॉलमुळे गोव्यात लीग आणि नॉकआऊट यांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावच्या मैदानावर पहिल्याच दिवशी हरलेला संघ सायकलीने घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी प्रेक्षक म्हणून परततो. रोबोटिक्सचा संघ मात्र काणकोणहून भाड्याची गाडी करून, करमल घाट उतरून, आठ मुले आणि तीन महिन्यांची तयारी घेऊन पणजीला आलेला असतो. तो दोन मिनिटांच्या एका सामन्यानंतर बाहेर पडला, तर हरण्यापेक्षा हिशोबच जास्त बोचतो.

म्हणून स्पर्धेचा आराखडा ठरवताना प्रवेशशुल्काच्या आधी एका सामन्यामागचा खर्च काढा. नमुन्याचा हिशोब असा, आकडे आपापल्या शाळेचे घाला. पणजीत एकदिवसीय नॉकआऊट: शुल्क १,५००, गाडी ६,०००, आठ जणांचे जेवणखाण १,२००, एकूण ८,७०० रुपये. पहिल्या फेरीत हरलात तर एक सामना ८,७०० रुपयांना पडला. हीच शाळा लीगसाठी कुडचड्याला दोन वेळा गेली (आराखडा पुढे दिला आहे): शुल्क तेच १,५००, जवळची गाडी ३,००० प्रमाणे ६,०००, जेवण २,४००, एकूण ९,९००. सामने ११. म्हणजे सामन्याला ९०० रुपये. एकूण खर्च थोडा जास्तच आहे, तरी मुख्याध्यापकांना पटवायला दुसरा आकडा सोपा जातो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये २००९ साली मिशिगन राज्याने मोठ्या प्रादेशिक स्पर्धेऐवजी शाळांच्या जिमखान्यांत छोट्या जिल्हास्तरीय स्पर्धा घ्यायला सुरुवात केली आणि एकाच नोंदणीत प्रत्येक संघाला दोन स्पर्धा दिल्या. गोव्यात सहावी ते आठवीसाठी सरकारची कोडिंग-रोबोटिक्स शिकवण्याची 'केअर्स' योजना आहे, त्यामुळे उत्सुक मुले प्रत्येक तालुक्यात सापडतील. अडते ते येण्याजाण्यावर.

आराखडा: २४ संघ, दोन गट, तीन दिवस

उत्तरेचे १२ संघ साखळीला, दक्षिणेचे १२ कुडचड्याला. प्रत्येक गटाचे दोन दिवस. नंतर दोन्ही गटांतले पहिले आठ-आठ मिळून १६ संघांची अंतिम फेरी, फोंड्याला किंवा फर्मागुडीला, म्हणजे कुणालाच फार लांब पडत नाही.

सामना दोन विरुद्ध दोन असा युतीचा ठेवा. एका संघाचा रोबो बंद पडला तरी खेळ चालू राहतो, आणि नवख्या शाळेला जाणत्या शाळेच्या बाजूला उभे राहून शिकता येते. युतीचा मोठा दोष म्हणजे जोडीदाराचे नशीब: सोडतीत चांगले भागीदार मिळालेला मध्यम संघ वर चढतो. हा दोष बारा संघांत जवळजवळ पूर्ण काढता येतो, आणि त्याला संगणकही लागत नाही.

एका कागदावर वरच्या ओळीत १ ते ६ लिहा, खाली उलट क्रमाने १२ ते ७. समोरासमोरचे भागीदार: १-१२, २-११, ३-१०, ४-९, ५-८, ६-७. ही पहिली फेरी. आता १ ला जागीच ठेवून बाकीचे सगळे घड्याळाच्या दिशेने एक घर सरकवा. दुसरी फेरी: १-११, १२-१०, २-९, ३-८, ४-७, ५-६. अशा अकरा फेऱ्या केल्या की प्रत्येक संघ इतर प्रत्येकाचा भागीदार बरोबर एकदाच होतो. फेरीत सहा जोड्या, म्हणजे तीन सामने. पहिल्या दिवशी सहा फेऱ्या, १८ सामने; दुसऱ्या दिवशी पाच फेऱ्या, १५ सामने.

इथे एक खोड आहे. कोणती जोडी कोणत्या जोडीविरुद्ध हेही त्याच कागदावरून शेजारी-शेजारी घेतले, तर क्रमाने लागून असलेले संघ एकत्रच सरकतात आणि पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येतात. म्हणून भागीदार तक्त्यातून घ्या, पण प्रतिस्पर्धी दर फेरीला सहा चिठ्ठ्या काढून ठरवा. चिठ्ठी संघांच्या मुलांकडूनच उघडवा. भजन स्पर्धेत सादरीकरणाचा क्रम सोडतीने लागला की कुणी कुरकुरत नाही, तसेच.

सकाळी एखादा संघ आलाच नाही तर तक्ता मोडू नका. आयोजकांनी साधा, फक्त पुढेमागे धावणारा एक राखीव रोबो तयार ठेवावा आणि तो गैरहजर संघाच्या जागी उतरवावा. संघसंख्या सम असूनही चारने भागली जात नसेल तर दर फेरीत एक जोडी विश्रांतीला बसेल; ती पाळी सगळ्यांना सारखी येते का ते आदल्या रात्री मोजून घ्या.

गुण कसे द्यायचे

विजयाला २, बरोबरीला १. अकरापैकी सर्वोत्तम दहा सामने धरा, एक वाईट सामना माफ. फर्स्टच्याच छोट्या रोबोंच्या स्पर्धेत, फर्स्ट टेक चॅलेंजच्या लीगमध्येही सर्वोत्तम दहाच सामने पुढे नेण्याची पद्धत आहे. क्रमवारीतली बरोबरी फोडायला स्वतःच्या युतीचे स्वयंचलित टप्प्यातले (रोबो कुणी न चालवता फक्त कोडवर धावतो त्या भागातले) गुण वापरा. प्रतिस्पर्ध्याच्या गुणांवर कुणाचाही क्रमांक ठरवू नका. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये सामना तीन विरुद्ध तीन असतो, आणि तिथे २०१० च्या मोसमात क्रमवारीचे गुण हरणाऱ्या बाजूच्या गुणांशीही जोडलेले होते. तेव्हा काही सामन्यांत सहाही संघांनी ठरवून एकाच बाजूसाठी गोल केले. मुले नियम वाचतात, आयोजकांपेक्षा बारकाईने.

अंतिम फेरीत याच पद्धतीने चार फेऱ्या, १६ सामने. मग पहिल्या चार क्रमांकांचे कप्तान भागीदार निवडतील: पहिली निवड १, २, ३, ४ या क्रमाने, दुसरी ४, ३, २, १ अशी उलट. हा उलटा क्रम विसरलात तर पहिल्या कप्तानाच्या हाती दोन्ही वेळा उत्तम संघ लागतो आणि अंतिम सामना एकतर्फी होतो. तीन संघांच्या युतीत तिसऱ्याला नुसते बाकावर बसवू नये, म्हणून उपांत्य लढतीत तिघांनाही किमान एकदा उतरवण्याची सक्ती करा. उपांत्य आणि अंतिम, तिन्ही लढती तीनपैकी दोन.

रोबोवर किती खर्च चालेल

बिलावर भांडत बसू नका, मोटर आणि बॅटरीवर बंधन घाला. बिल कुणीही आणतो. मोटर डोळ्यांना दिसते. चालेल असा संच: आर्डुइनो युनोचा (रोबोचा मेंदू असलेल्या बोर्डाचा) क्लोन ५००, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (मोटरींना वीज सोडणारे सर्किट) १८०, चाकांसह चार पिवळ्या बीओ मोटरी ४००, एचसी-०५ ब्लूटूथ ३००, चॅसिस ३००, दोन १८६५० सेल (चार्ज होणारे लिथियम सेल) होल्डरसह ३५०, चार्जर १५०, दोन छोटे सर्व्हो २५०, वायर-ब्रेडबोर्ड २००. बेरीज साधारण २,६३० रुपये, भाव इकडेतिकडे होतात. मर्यादा ४,००० ठेवा. देणगीत मिळालेला किंवा शाळेत पडून असलेला भागही आजच्या बाजारभावाने मोजा. ज्या शाळेकडे थ्री-डी प्रिंटर आहे तिने भागाचे वजन करून ग्रॅमला एक रुपया लावावा.

एल२९८एन साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून ७.४ व्होल्टच्या दोन सेलवर रोबो सुस्त वाटतो आणि हळूच तिसरा सेल जोडायचा मोह होतो. तपासणीच्या टेबलावर मल्टिमीटर ठेवा: ८.४ व्होल्टच्या वर दिसले की परत. '९९०० एमएएच' छापलेले स्वस्त सेल घेऊ नका. खरा १८६५० साधारण ३५०० च्या पुढे जात नाही. असले सेल तिसऱ्या फेरीनंतर कोसळतात आणि दोष मुलांच्या कोडला जातो.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्लूटूथचा. बारा रोबोंचे नाव 'एचसी-०५' आणि पिन '१२३४'. मुलगी फोनवर बटण दाबते आणि पलीकडच्या संघाचा रोबो वळतो. आदल्या दिवशीच एटी कमांडने (मॉड्यूलची सेटिंग बदलणाऱ्या सूचनांनी) प्रत्येक मॉड्यूलला संघ क्रमांकाचे नाव आणि वेगळा पिन द्यायला सांगा. ते केले नसेल तर रोबो तपासणीतून पुढे सोडू नका.

मैदान आणि दिवस

आठ बाय आठ फुटांचे मैदान: १२ मिलिमीटर प्लायचे दोन तक्ते ३,६००, कडेच्या पट्ट्या ८००, ६४ चौरस फूट फ्लेक्स ९६०, ठोकळे वगैरे १,०००. एक मैदान ६,३६०, दोन १२,७२०. २४ संघांचे शुल्क ३६,०००. मैदाने वजा जाता २३,२८० उरतात, तीन प्रकारच्या दिवसांना प्रत्येकी ७,७६०. पण साखळी आणि कुडचडे मिळून लीगचे दिवस चार आणि अंतिम पाचवा, म्हणजे खरे तर दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास. हा हिशोब बहुतेक जण इथेच चुकतात. सभागृह शाळेचे फुकट मिळाले तरच हे जमते, आणि शाल-श्रीफळ त्यात बसत नाही. प्रमुख पाहुणे शेवटी बोलवा. सकाळचे उद्घाटन दीड तास खाते आणि तो वेळ सामन्यांतूनच जातो.

फ्लेक्स मॅट फिनिशचाच छापा. चकचकीत फ्लेक्सवर रेघ ओळखणाऱ्या आयआर (इन्फ्रारेड) सेन्सरला काळी रेघही पांढरी भासते. पश्चिमेच्या खिडक्यांना दुपारी दोननंतर पडदे लावा, नाहीतर सकाळी सरळ गेलेला रोबो तीन वाजता भरकटेल आणि दुपारच्या संघांवर अन्याय होईल. प्रत्येक फेरीआधी दोन मिनिटे सेन्सर जुळवायला सर्वांना सारखी द्या.

दोन मिनिटांचा सामना, गुण मोजणे आणि मांडणी मिळून एका मैदानावर सात मिनिटे लागतात. १८ सामने १२६ मिनिटांत होतात. दुसरे मैदान सरावाला मोकळे राहते. पंच सहभागी शाळांचे शिक्षक नसावेत. डिचोली, कुडचडे किंवा पणजीच्या पॉलिटेक्निकचे विद्यार्थी जेवण आणि प्रमाणपत्रावर आनंदाने येतात, चार पुरेत. गुणपत्रकावर दोन्ही बाजूंच्या कप्तानांची सही मैदान आवरण्यापूर्वी घ्या, कारण ठोकळे हलले की वाद कुणीच सोडवू शकत नाही.

तारखा ठरवताना चवथीचे दिवस सोडा, दिवाळीआधीचा आठवडा तर नक्कीच. मुले रात्रभर नरकासुराचे पुतळे बांधत असतात. ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या उत्सवाच्या) आसपासही गाड्या अडकतात. पहिला दिवस चवथीनंतर, दुसरा दिवाळीनंतर, अंतिम फेरी जानेवारीत. मोसम संपल्यावर फ्लेक्स गुंडाळून ठेवा, घडी घालू नका, आणि प्लाय भिंतीला न टेकवता विटांवर आडवा रचा. पावसाळ्यात भिंतीची ओल लागून तो वाकला की पुढच्या वर्षी चेंडू एकाच कोपऱ्यात जमतात.