विस्थापितांच्या पुनर्वसनाचे संनियंत्रण आणि मूल्यमापन कसे करावे

पुनर्वसनाच्या बहुतेक अहवालांत वाटलेला मोबदला, बांधलेली घरे आणि हलवलेली कुटुंबे यांचेच आकडे असतात. काम वेळेवर चालले आहे की रखडले, हे त्यांवरून कळते आणि संनियंत्रणाला ते पुरेसे आहे. पण उठवलेले कुटुंब पूर्वीइतके तरी कमावते का, हे मूल्यमापनाने सांगायचे असते आणि त्याची तयारी लोक गाव सोडण्यापूर्वीच करावी लागते.

त्यासाठी पात्रतेची अंतिम तारीख (तिच्यानंतर येऊन राहिलेल्यांना मोबदला मिळत नाही) ठरते त्याच सुमारास पायाभूत सर्वेक्षण करून प्रत्येक बाधित कुटुंबाची जमीन, घर, झाडे, गुरे, कर्ज आणि कमाईची सर्व साधने नोंदवावीत. कागदोपत्री नाव नसलेली कुळे, भूमिहीन मजूर आणि जंगल, नदी किंवा चराऊ रानावर जगणारी कुटुंबे नेमकी याच टप्प्यावर निसटतात, आणि पहिल्या यादीत नसलेले कुटुंब पुढच्या फेऱ्यांत कोणी शोधत नाही.

निर्देशक, म्हणजे नेमके काय मोजायचे, हे ठरवताना समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी मांडलेले दारिद्र्याचे ८ धोके हाताशी ठेवावेत: जमीन, रोजगार आणि घर जाणे, समाजात मागे फेकले जाणे, आजारपण वाढणे, अन्नाची शाश्वती न उरणे, सामाईक संसाधने हातची जाणे आणि सामाजिक वीण उसवणे. यांतला शेवटचा धोका मोजायला सर्वांत अवघड, म्हणून बहुधा गाळला जातो. अडचणीत उसने कोण देते, एवढे विचारले तरी बरेच उलगडते. ‘पाणीपुरवठा योजना पूर्ण’ या शेऱ्यावरही थांबू नये. ऐन उन्हाळ्यात नळाला किती दिवसांआड पाणी येते, बाकीच्या दिवशी ते कोण आणते आणि पंप बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाच्या माथी पडतो, हे घरातल्या बाईला विचारावे. पर्यायी जमिनीचे क्षेत्रफळ लिहिताना ताबा मिळाला का, मालकीपत्रावर पत्नीचे नाव आहे का आणि प्रत्यक्ष पीक किती येते, हेही लिहावे.

अंतर्गत संनियंत्रण अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेने दर महिन्याला किंवा तिमाहीला करावे. मूल्यमापन मात्र तिच्या हाताखाली नसलेल्या संस्थेकडे द्यावे आणि दर फेरीत त्याच कुटुंबांना भेटावे. घर विकून निघून गेलेल्यांचा माग काढणे किचकट असते, पण त्यांना वगळले तर मागे राहिलेल्यांची सरासरी उगाच चांगली दिसते. उत्पन्नाची तुलना महागाई वजा करून आणि शक्य असल्यास जवळपासच्या अबाधित गावांशी करावी. बांधकाम चालू असताना मजुरीमुळे वाढलेली कमाई काम संपताच घसरते, त्यामुळे त्या काळातल्या आकड्यांवर निष्कर्ष बेतू नयेत. ज्या गावाशेजारी वसाहत झाली, त्या गावाच्या पाण्यावर आणि शाळेवर पडलेला भारही तपासावा.

तक्रारवहीत नोंदी कमी असल्या, तर लोक समाधानी आहेत असे धरून न चालता, तक्रार कुठे आणि कशी करायची हे त्यांना ठाऊक आहे का, ते आधी पाहावे.

जागतिक बँकेच्या २०१८पासून लागू झालेल्या पाचव्या पर्यावरणीय व सामाजिक मानकानुसार, बँकेच्या निधीतून चालणाऱ्या आणि मोठे विस्थापन करणाऱ्या प्रकल्पांना उपाययोजना बहुतांशी पूर्ण झाल्यावर बाह्य समाप्ती-तपासणी करून घ्यावी लागते. तीत उणिवा आढळल्यास कोणती दुरुस्ती कोण, कधीपर्यंत आणि कोणत्या निधीतून करणार, हे लेखी ठरवावे लागते. म्हणून तपासणी होईपर्यंत प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातली पुनर्वसनाची तरतूद बंद करू नये.