ड्रायव्हर अपडेटनंतर स्क्रीन धूसर दिसतेय? हे करून बघा
विंडोज अपडेट झालं, त्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र दाखवायला लागणारं सॉफ्टवेअर) बदलला आणि आयकॉन एकदम मोठे, अक्षरं धूसर, रिझोल्युशन १९२०×१०८० वर जातच नाही, असं असेल तर लगेच फॉरमॅट मारू नका प्लीज. आधी मॉनिटरची केबल बघा, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ती मदरबोर्डला नको, कार्डच्याच पोर्टला हवी, खूप जण इथेच चुकतात. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, स्क्रीन क्षणभर काळी होईल, घाबरू नका, ड्रायव्हर रीस्टार्ट होतोय.

तरी नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजरमधे डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा, तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर लिहिलं असेल तर खरा ड्रायव्हर लोडच झालेला नाही, तो कार्डवाल्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. कार्डचं नाव बरोबर असेल तर प्रॉपर्टीजमधे ड्रायव्हर टॅबवर जाऊन रोल बॅक ड्रायव्हर करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल.