पॉवर बीआय जोडलं पण टेबल उघडेना, माझा अनुभव

आमच्या यवतमाळकडे एका जिनिंगवर मी काटा आन् कॉम्प्युटर दोन्ही पाहतो. शेठजी म्हणे मले रोजची कापूस आवक, गाठी सारं चार्टमधी पाह्यजे. काट्याचा डेटा पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये, म्हणून पॉवर बीआय, म्हणजे चार्ट बनवायचं सॉफ्टवेअर, टाकलं आणि रिपोर्टसाठी वेगळा यूजर काढला, कारण मेन पासवर्ड वाटणं म्हणजे तिजोरीची चाबीच दिल्यासारखं.

त्याले कनेक्ट, म्हणजे डेटाबेसले जोडायची परवानगी दिलं, सगळ्या टेबलवर सिलेक्ट, म्हणजे वाचायची परवानगी दिलं, लॉगिन झालं, टेबलची नावंबी दिसली, पण क्लिक केलं की परमिशन डिनाइड फॉर स्कीमा, म्हणजे टेबल ज्या कप्प्यात राहतात त्या स्कीमाचीच परवानगी नाही. दोन तास डोकं खाजवलं, बाहेर कापसाच्या गाड्यायची लाईन, इकडं मी पासवर्डच बदलत बसलो, येडा. मंग एरर नीट वाचली! काट्याच्या सॉफ्टवेअरची स्कीमा वेगळी, तिच्यावर युसेज, म्हणजे आत शिरायची परवानगी, द्यायचंच राहिलं होतं. वाड्याची चाबी नाही तं खोलीची असून काय उपयोग. ग्रँट युसेज ऑन स्कीमा मारलं, आकडे आले.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोंब. सॉफ्टवेअर दर महिन्याला नवीन टेबल बनवते आन् आधी दिलेलं सिलेक्ट नव्या टेबलले लागत नाही. पुढच्या टेबलले आपोआप परवानगी देणारं आल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस मारलं तरी नाही, काहून तं मी ते पोस्टग्रेस नावाच्या मेन यूजरनं चालवलं आणि टेबल बनवणारा यूजर दुसराच. त्या कमांडमधी फॉर रोल लिहून टेबल बनवणाऱ्या यूजरचं नाव टाकलं तेव्हा जमलं. पोस्टग्रेसच्या व्हर्जन 14 पासून पीजी रीड ऑल डेटा नावाचा तयार रोल, म्हणजे परवानग्यायचा गठ्ठा, आहे, पण त्यानं सारंच वाचता येते, मजुरायच्या पगाराचं टेबलबी. म्हणून मी तो नाही दिला.