जीपीएसवाल्या टाइम सर्व्हरचं घड्याळ उडी मारतंय? आधी उडी मोजा

टाइम सर्व्हरची, म्हणजे नेटवर्कमधल्या बाकी मशीनना वेळ देणाऱ्या सर्व्हरची, वेळ अचानक पुढेमागे झाली की हात पहिल्यांदा रीस्टार्टकडे जातो. तो आवरा प्लीज. एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला चालू असताना 1000 सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर ते स्वतःच बंद पडतं, आणि ते बरंच आहे, पण बऱ्याच सेटअपमध्ये ते मायनस जी (-g) ऑप्शनने सुरू होतं, मग पहिल्या वेळी कितीही मोठा फरक मुकाट मान्य करतं, म्हणजे जीपीएस रिसीव्हरच चुकत असेल तर रीस्टार्ट करून चुकीची वेळ तुम्हीच आत घेतलीत.

आधी लॉग कॉपी करून ठेवा. मग उडी नेमकी किती सेकंदांची, पुढे की मागे, ते लिहून काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

तारीख साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागे गेली असेल तर ते 1024 आठवड्यांचं प्रकरण. जीपीएसच्या जुन्या सिग्नलमध्ये आठवड्याचा नंबर 10 बिटांचा, तो भरला की परत शून्य. एप्रिल 2019 मध्ये असं झालं, आता पुढचं नोव्हेंबर 2038 मध्ये. पण रिसीव्हरच्या फर्मवेअरची स्वतःची वेगळी तारीख असू शकते, त्यामुळे अधेमधे कधीही होतं. ऑक्टोबर 2021 मध्ये तर जीपीएसडी या रिसीव्हरचा डेटा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्याच 3.20 ते 3.22 व्हर्जनमधल्या बगमुळे वेळ 2002 च्या मार्चमध्ये जात होती. उपाय अपडेटच, दुसरा नाही.

18 सेकंद पुढे? जीपीएसची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) 18 सेकंद पुढे चालते, 2017 पासून. रिसीव्हर थंड सुरू झाला, म्हणजे आधीची माहिती हाताशी नसताना, की हा फरक सॅटेलाइटकडून मिळायला साडेबारा मिनिटंसुद्धा लागू शकतात, तोवर तो जुना आकडा वापरतो किंवा वजाबाकीच करत नाही. म्हणून बॅकअप बॅटरी तपासा, आणि चालू झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

साडेपाच तासांची उडी असेल तर कुठेतरी भारतीय वेळ आणि यूटीसीची सरमिसळ झालीय, त्यात फार डोकं घालवू नका.

सगळ्यात जास्त छळते ती बरोब्बर 1 सेकंदाची उडी. आमच्याकडे ती कधीतरीच यायची आणि कारण सापडेना. पीपीएस पल्स, म्हणजे रिसीव्हर दर सेकंदाला देतो तो ठोका, फक्त सेकंद कुठे सुरू झाला एवढंच सांगते, कुठला सेकंद ते रिसीव्हर सिरीयल लाइनवरून पाठवतो त्या एनएमईए मजकुरातून कळतं, आणि ती लाइन 9600 च्या स्पीडवर असेल तर सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं जातात. सॅटेलाइट जास्त दिसले की मजकूर लांबतो, उशिरा पोचतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या पलीकडे गेला की चुकीच्या पल्सला चिकटतो. आरएमसी (तारीख-वेळ देणारं एनएमईए वाक्य) सोडून बाकीची वाक्यं बंद करा, स्पीड 38400 करा आणि एनएमईएचा ऑफसेट (मजकूर पल्सनंतर किती उशिरा येतो ते) नीट मोजून कॉन्फिगमध्ये टाका.

यातलं काहीच जुळत नसेल तर दोन सर्व्हिस एकाच घड्याळाला ओढतायत का बघा, उदाहरणार्थ क्रॉनी आणि सिस्टमडी टाइमसिंकडी हे वेळ जुळवणारे प्रोग्राम दोन्ही चालू. सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर असेल तर सस्पेंड-रिझ्यूमच्या वेळाही लॉगशी ताडून बघा.

शेवटी, एकट्या जीपीएसवर राहू नका. निदान चार सोर्स हवेत, दोनच असले तर खोटा कोण ते ठरवताच येत नाही. आणि क्रॉनीत मेकस्टेपची (घड्याळाला उडी मारू देणाऱ्या सेटिंगची) लिमिट मायनस 1, म्हणजे कधीही उडीला मुभा, असेल तर ती आजच 3 करा, म्हणजे सुरुवातीच्या तीन अपडेटनंतर घड्याळाला उडी मारताच येणार नाही.