महागडा स्मार्ट टीव्ही घेण्याआधी घरचं व्होल्टेज मोजा

लाख-सव्वा लाखाचा टीव्ही नागपूर-अमरावतीच्या शोरूममध्ये देखणा दिसतो, कारण तिथे एसी असतो, लाइन स्थिर असते आणि पडद्यावर कंपनीनेच दिलेला 4के नमुना फिरत असतो. गावात यातलं काहीच धरून चालता येत नाही. म्हणून टीव्हीचे गुण-दोष तोलण्याआधी दोन दिवस घर तपासा.

सुरुवात व्होल्टेजपासून. टीव्ही जिथे लागणार त्या पॉइंटवर सकाळी, दुपारी, संध्याकाळी सातच्या सुमारास आणि मध्यरात्रीनंतर मल्टिमीटरने आकडा घ्या आणि लिहून ठेवा. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर बहुधा 100-240 व्होल्ट छापलेलं असतं, त्यामुळे संध्याकाळी 170 पर्यंत उतरलं तरी तो चालतो. 'स्टॅबिलायझर आतच आहे' हे विक्रेत्याचं बोलणं एवढ्यापुरतंच खरं. घात होतो तो चढलेल्या व्होल्टेजने. रात्री लोड उतरला की आकडा 250-260 वर जाऊ शकतो, आणि डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत) न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजच्या घरातही 400 च्या जवळ दाब येऊ शकतो, कारण दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. मग पॉवर सप्लाय बोर्ड जळतो, आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा आणि लाइन आल्यावर थोडं थांबून सुरू होणारा टीव्ही स्टॅबिलायझर बजेटमध्ये धराच.

अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. फार फरक असेल तर अर्थिंग गेलेली आहे आणि सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला दाब अडवणारं उपकरण) लावून उपयोग नाही. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी टाकत राहा. मृगात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग काढा, सोबत छतावरच्या डिशची केबलही काढा. बरेच जण फक्त प्लग काढतात आणि वीज केबलमधून उतरते.

आता पॅनेल. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि बाजूला बसलेल्यालाही रंग फिके वाटत नाहीत. घरात दहा माणसं ओसरीपासून माजघरापर्यंत पसरून पाहत असतील तर हा मोठा गुण. दोष असा, की दिवसभर बातम्यांचं एकच चॅनेल चालू राहिलं तर खालची पट्टी आणि लोगो कायमचे उमटू शकतात. हे टाळण्यासाठी साधारण 4 तास वापर झाला की टीव्ही रिमोटने बंद केल्यानंतर स्वतःच पॅनेलची दुरुस्ती चालवतो, आणि त्यासाठी त्याला वीज लागते. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. ओएलईडी घेतला तर ती मोडा, निदान तासभर तरी बटण चालू ठेवा. रोज रात्री लाइन जात असेल तर ओएलईडी घेऊच नका.

अशा घरी मिनी-एलईडी, म्हणजे पडद्यामागे बारीक एलईडी दिव्यांचे गट असलेला टीव्ही, बरा. तो उजळ असतो, उघड्या दारातून ऊन येणाऱ्या खोलीत चित्र दिसतं. मात्र काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसू शकतं आणि पुष्कळ मॉडेलांत बाजूने पाहिलं की रंग उतरतात. दुकानात हे दोन्ही स्वतः पाहा: पेन ड्राइव्हवर काळ्या पार्श्वभूमीची पांढरी अक्षरं न्या, मग तिरकं उभं राहून पाहा. 'एचडीआर' (उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) या शब्दाला भुलू नका, कमाल उजेड किती निट्स ते विचारा; निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप. 300-400 निट्सच्या टीव्हीत एचडीआर नावालाच असतो. 800-1000 असेल तर फरक डोळ्यांना जाणवतो.

उष्णतेचा प्रश्न दोन्हींना आहे. माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा बहुधा 40 अंशांपर्यंत असते आणि मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्यात पारा 45 च्या पुढे जातो. टिनाच्या खोलीत दुपारी टीव्ही लावू नका. मागे किमान 10 सेंटिमीटर जागा सोडा. कुलरच्या झोतासमोर तर कधीच नको: ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार बोर्डवर बसतात. मागच्या जाळीतून पाल शिरून शॉर्ट होतो, तेव्हा भिंतीजवळचे कोपरे साफ ठेवा, पण जाळी झाकू नका.

सिग्नल कसला येतो त्यावर पैसे वसूल होणं ठरतं. डीडी फ्री डिशवरची एसडी (साध्या, एचडीपेक्षा कमी स्पष्टतेची) चॅनेल्स 720×576 पिक्सेलची. 65 इंची 4के पडद्यावर ती धूसर दिसणारच, दोष टीव्हीचा नाही. 4के स्ट्रीमिंगला सलग 15 एमबीपीएस वेग लागतो आणि तासाला सुमारे 7 जीबी डेटा जातो. रोजच्या 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर ते चालणार नाही. गावात फायबर नसेल तर 43 किंवा 50 इंची साधा 4के टीव्ही घ्या आणि उरलेल्या पैशात साउंडबार. पातळ टीव्हीचा आवाज तसाही दबका असतो. फायबर असेल आणि भिंती जाड मातीच्या असतील तर वायफायवर विसंबू नका, लॅन केबल ओढा. बसायची जागा 7-8 फुटांवर असेल तर 55 इंच पुरे.

इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर प्युअर साइन वेव्हचाच हवा. 150 एएचची एक चांगली बॅटरी 120 वॉटचा टीव्ही आणि दोन पंखे साधारण चार तास ओढते.

टीव्ही भिंतीवर टांगायचा विचार असेल तर कच्च्या विटांच्या किंवा मातीच्या भिंतीत रॉल (स्क्रूसाठी ठोकायची खुंटी) पकड धरत नाही. टीव्ही भक्कम टेबलावर ठेवा. गाडीतून आणताना खोका उभाच ठेवा, आडवा केला की खड्ड्यांत पॅनेल तडकतं. पैसे देण्याआधी तुमच्या पिनकोडवर घरपोच सेवा आहे का, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः फोन करून विचारा, आणि खोका तंत्रज्ञ आल्यावर त्याच्यासमोरच उघडा.