चिकन नूडल सूप: मांसाची वेळ वेगळी, हाडांची वेगळी

कोल्हापुरात आमच्या घरी रविवारी कोंबडी शिजली की मसाला पडायच्या आधी आई वाट्यांमधून अळणी काढून ठेवायची. हळद, मीठ, आलं-लसूण, थोडा कांदा, बास. तिखटाचा कण नाही. आधी आम्हा पोरांना, घरात कुणी आजारी असेल तर त्याला, आणि मग उरलेल्यातनं तांबडा-पांढरा. लग्न होऊन न्यू जर्सीला आले त्याला आता चौदा वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात मला फ्लू झाला. नवरा कामाला, बाहेर गुडघाभर बर्फ. दुपारी शेजारच्या ज्यू आजी दारात उभ्या, हातात कापडात गुंडाळलेला डबा. मी पहिला घोट घेतला आणि रडायलाच लागले. अळणीच होतं ते. फक्त त्यात गाजराच्या चकत्या होत्या, रुंद नूडल्स होत्या आणि वर बारीक चिरलेला शेपू.

पुढचे दोन हिवाळे मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून हे सूप शिकले. आज त्या नाहीत. थंडी सुरू झाली की दर दोन-तीन आठवड्यांनी माझ्याकडे मोठं पातेलं चढतं, आणि लिहिताना त्यांचंच बोलणं कानात आहे.

त्यांचा सगळा भर वेळेवर होता. मांस तासाभरात शिजतं. हाडं अडीच-तीन तासांशिवाय काही देत नाहीत. नूडल्सना पाच-दहा मिनिटं पुरतात. हे तिन्ही एकदम पातेल्यात घालून एकदम उतरवलं, तर मांसाचा चोथा होतो, पाणी पातळच राहतं आणि नूडल्सचा लगदा होतो. ज्यांना हे सूप आवडत नाही त्यांनी बहुतेक वेळा तसंच प्यालेलं असतं. म्हणून खाली सगळं टप्प्याटप्प्यानं सांगते.

सामान सहा माणसांचं आहे. एक अख्खी कोंबडी, पावणेदोन-दोन किलोची, कातड्यासकट. मिळाले तर कोंबडीचे चार पाय किंवा अर्धा किलो पंख जास्तीचे. एक मोठा कांदा, पाच गाजरं, सेलरीचे पाच दांडे, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दहा-बारा मिरी, दोन बे लीफ, थाइमच्या तीन-चार काड्या, पार्स्लीचे देठ, मीठ, एक लिंबू आणि मूठभर शेपू. नूडल्सचं पुढे सांगते.

कातड्याबद्दल आधी बोलते, कारण माझी धाकटी बहीण पुण्यात हे सूप करते आणि पहिल्या दोन्ही वेळा तिचं तिथेच बिनसलं. आपल्याकडे चिकनवाले दादा विचारत नाहीत, सरळ सोलून तुकडे करून देतात. त्यांना आधीच सांगायचं, ‘विथ स्किन द्या, अख्खी द्या, आणि पाय टाकू नका.’ सुपाला जो दाटपणा येतो तो कातडं, सांधे आणि पाय यांतल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा. मंद आचेवर ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. पायांत मांस नावालाही नसतं, पण हा ऐवज सगळ्यात जास्त त्यांच्यातच असतो. बहिणीकडे ब्रॉयलर सव्वा किलोचीच मिळते, तर ती पाय आणि पंख वाढवून घेते. गावठी मिळाली तर उत्तमच, पण मग मांसालाच दीड-दोन तास धरा.

इथे अख्ख्या कोंबडीच्या पोटात एक छोटी पुडी असते. त्यात मान, पेटा, काळीज असतं. मान आणि पेटा पातेल्यात टाका. काळीज बाजूला ठेवा, त्यानं सूप गढूळ होतं आणि किंचित कडवट लागतं.

आणि बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्रावर लांबीनं तीन शिरा असतात आणि त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो. बे लीफला मधोमध एकच मोठी शीर असते, वास थोडा औषधी. पहिल्या वर्षी मी इंडियन स्टोअरमधलं तमालपत्र घातलं तर सगळ्या पातेल्याला पुलावाचा वास आला. बे लीफ नसेल तर काहीच घालू नका, तमालपत्र तर नकोच.

आता पातेलं. सात-आठ लिटरचं, जाड बुडाचं. कोंबडी, पाय, अर्धा केलेला कांदा, दोन गाजरांचे आणि दोन सेलरीच्या दांड्यांचे मोठे तुकडे, लसूण. वरून तीन लिटर गार पाणी. गारच. गार पाण्यापासून सावकाश तापलं की मळी मोठ्या गोळ्यांनी वर येते आणि काढायला सोपी जाते. गॅस मध्यम ठेवून जवळ उभं राहायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी करडट फेस जमायला लागतो, तो पळीनं काढून वाटीत टाकत राहायचं. दहाएक मिनिटांत नवीन फेस येतो तो पांढरा, हलका असतो. मग गॅस बारीक करायचा, मिरी, बे लीफ, थाइम, पार्स्लीचे देठ आणि दोन चहाचे चमचे मीठ घालायचं. मिठाचा शेवट आत्ता करायचा नाही, पाणी आटणार आहे.

इथून पुढे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आपला हात खळाखळा उकळी आणायला शिकलेला आहे. रश्शाला उकळी फुटली, तर्री वर आली की आपल्याला बरं वाटतं. या सुपाला तशी उकळी येऊ द्यायची नाही. जोरात उकळलं की चरबी बारीक बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळते, मळीचे कण फुटून पसरतात आणि सूप धुण्याच्या पाण्यासारखं दिसतं. आजी मला पातेल्यावर वाकायला लावायच्या. कडेला एक बुडबुडा येतो, फुटतो. मग क्षणभर काही नाही. मग दुसरीकडे एक. पृष्ठभाग नुसता थरथरतो, हलत नाही. थर्मामीटर असेल तर 90 ते 95 अंश सेल्सिअस. झाकण अर्धवट. गॅस सगळ्यात बारीक करूनही उकळत असेल तर खाली तवा ठेवा, मी अजून तेच करते.

असा पाऊण ते एक तास झाला की मांडी ओढून बघा. सांध्यापाशी सहज सुटली की मांस झालं. (थर्मामीटर मांडीच्या जाड भागात 74 अंशांच्या वर दाखवेल.) आता कोंबडी अख्खी उचलून परातीत काढायची. दोन झारे लागतात, कारण ती मधेच मोडते. पंधरा मिनिटं निवू द्या, मग हातानं मांस सोडवा. छातीचं मांस रेषेरेषेनं सुटतं, ते फार बारीक करू नका, दोन पेरांएवढे तुकडे राहू द्या. मांस एका डब्यात, त्यावर पळीभर सूप, झाकण लावून फ्रिजमध्ये. सूप ओतलं नाही तर ते कोरडं पडतं.

आणि हाडं, कातडं, सांधे, सगळं परत पातेल्यात. पुन्हा तीच मंद आच, दीड ते दोन तास. मला हे कळायला वेळ लागला. मी आधी मांस काढलं की सूप झालं समजून गाळून टाकायचे, आणि आजींच्या सुपाची गोडी आपल्या सुपाला का नाही याचा विचार करत बसायचे. पहिल्या तासात मांसाची चव उतरते. ओठांना किंचित चिकटणारं अंग हाडं नंतर देतात.

घाई असेल तर कुकरमध्येही होतं. मांस काढल्यावर हाडं आणि पाणी कुकरला लावा, एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून चाळीस मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्यायची. लगेच शिट्टी उचललीत तर आत खळबळ होते आणि सूप गढूळतं.

गाळताना चाळणीत मलमलचं फडकं घाला आणि भाज्या दाबू नका. त्या भाज्यांनी सगळं दिलेलं आहे, त्या टाकून द्या. गाळलेलं पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर निववायचं, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. शक्य असेल तर हे सगळं आदल्या दिवशी करा. सकाळी वर पिवळ्या चरबीचा थर धरलेला असतो, तो चमच्यानं अलगद निघतो. खालचं सूप खरवसासारखं थरथरलं, तर हाडांना वेळ पुरला. नाही थरथरलं तरी वाया गेलेलं नाही, पुढच्या वेळी पाय वाढवा. ती चरबी फेकू नका. आजी तिला श्माल्ट्स म्हणायच्या आणि तुपासारखी जपायच्या.

आता नूडल्स. दुकानात एग नूडल्स मिळतात, रुंद आणि पीळ पडलेल्या, त्या चालतात. पण ज्यांच्या घरी पोळपाट-लाटणं आहे त्यांनी एकदा घरी कराव्यात. आम्हाला लाटता येतं हे बघून आजींना फार कौतुक वाटलं होतं. 200 ग्रॅम मैदा, 2 अंडी, 1 जास्तीचा बलक, अर्धा चमचा मीठ. पाणी नाही. अगदीच भुगा राहिला तर एक चमचा. आठ-दहा मिनिटं मळायचं. पीठ शंकरपाळ्याच्या पिठाइतकं घट्ट हवं, हाताला न चिकटणारं. झाकून अर्धा तास ठेवलं की तेच पीठ मऊ होऊन लाटणं ऐकायला लागतं. दोन गोळे करून भरपूर मैद्यावर लाटा, चपातीपेक्षा पातळ, पोळी उचलून धरली तर पलीकडून बोटाची सावली दिसावी इतपत. वर मैदा भुरभुरवा, अळूवडीसारखी सैल गुंडाळी करा आणि धारदार सुरीनं अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या पाडा. चकत्या बोटांनी उलगडल्या की लांब नूडल्स. माझी मुलगी हे काम कुणाला देत नाही. कापडावर पसरून वीस मिनिटं वाळू द्या.

त्या शिजवायच्या वेगळ्या पातेल्यात, खारट उकळत्या पाण्यात, तीन-चार मिनिटं. दुकानातल्यांना पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी. निथळून थोडी श्माल्ट्स चोळून ठेवल्या की चिकटत नाहीत. त्या सुपाच्या पातेल्यात कधीही घालायच्या नाहीत, वाढताना वाडग्यात घालायच्या. मी एका शनिवारी रात्री सगळ्या नूडल्स सुपात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. सकाळी थेंबभर सूप उरलं नव्हतं, सगळं नूडल्सनी पिऊन टाकलं होतं आणि त्या बोटाएवढ्या फुगल्या होत्या. तीन तासांची मेहनत आणि एक अख्खी कोंबडी. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं.

शेवटची जुळणी पंधरा मिनिटांची. पातेल्यात दोन चमचे श्माल्ट्स, त्यावर उरलेली तीन गाजरं आणि तीन सेलरीचे दांडे चकत्या करून, चिमूटभर मीठ, पाच मिनिटं परतायचं. रंग येऊ द्यायचा नाही. सूप ओतून गाजर शिजेपर्यंत आठ-दहा मिनिटं ठेवायचं. मांस सगळ्यात शेवटी, नुसतं गरम होण्यापुरतं. आता मीठ चाखा. बहुतेक वेळा वाटतं त्याहून जास्त लागतं. गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस.

सेलरी भारतात सगळीकडे मिळत नाही. बहीण सेलरीऐवजी कोथिंबिरीचे देठ घालते. मला ते पटत नाही, चव पार दुसरीकडे जाते. नुसतं गाजर-कांद्यावर करावं, छान होतं.

वाडग्यात आधी नूडल्स, वर सूप, मग शेपू. आपल्याकडे शेपूचं नाव काढलं की निम्मं घर तोंड फिरवतं. मीही त्यातलीच होते. पण भाजीत ढीगभर शिजवलेला शेपू वेगळा आणि गरम सुपावर पडलेला कच्चा, बारीक चिरलेला शेपू वेगळा. वाफेबरोबर त्याचा वास नाकात जातो आणि चरबीचा जडपणा निघून जातो. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू घरांत तो हवाच असतो.

या सुपाला इकडे गमतीनं ज्यू पेनिसिलीन म्हणतात. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या ज्यू वैद्यानंही कोंबडीचा रस्सा आजाऱ्यांना द्यावा असं लिहून ठेवलंय. 2000 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनार्ड यांनी बायकोच्या आजीच्या पद्धतीचं सूप प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची हालचाल त्यानं मंदावलेली दिसली. ते काचेच्या भांड्यातलं निरीक्षण होतं, त्यावरून सूप प्यालं की सर्दी बरी होते असं मी म्हणणार नाही. गरम, खारट, पचायला हलकं आणि पोटात राहणारं आहे, तापातल्या माणसाला एवढं पुरेसं आहे. कॅनमधलं चिकन नूडल सूप कॅम्पबेलनं 1934 मध्ये आणलं. त्यांचं मूळ गावही आमच्या न्यू जर्सीतलंच, कॅम्डेन. अडीनडीला मीही तो कॅन उघडते, पण ते खारट फार असतं आणि मुलीला ते चालत नाही.

उरलेलं सूप नूडल्सशिवाय फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने टिकतं. मी अर्ध्या-अर्ध्या लिटरचे डबे भरून वर तारीख लिहिते. फुगायला दोन बोटं जागा सोडा, नाहीतर झाकण उचकटतं. एक डबा नेहमी वेगळा असतो, शेजारी कुणी आजारी पडलं तर. तो देताना नूडल्स निराळ्या पुडीत आणि शेपू कागदात गुंडाळून द्यायचा, आजी द्यायच्या तसा.