प्रॅडर-विली सिंड्रोम: खाण्यावरून होणारा मुलाचा आकांत कसा हाताळावा

प्रॅडर-विली सिंड्रोममध्ये वडिलांकडून आलेल्या १५ व्या गुणसूत्रावरील काही जनुकांचे काम होत नाही, आणि पोट भरल्याची जाणीव देणारी मेंदूतील यंत्रणा बिघडलेली राहते. जन्मानंतर अंग सैल असल्यामुळे ज्याला धड दूधही ओढता येत नव्हते, तेच मूल काही वर्षांनी ताटावरून उठायला तयार होत नाही, तेव्हा नातेवाईक त्याला हावरट म्हणतात. हा शब्द घरात कोणालाही उच्चारू देऊ नये, कारण त्याची भूक खरी असते.

पहिले काम म्हणजे स्वयंपाकघर, फ्रीज आणि डब्यांचे कपाट यांना कुलूप लावणे. पालकांना हे निर्दयपणाचे वाटते, परंतु अन्न हाती लागण्याची शक्यताच उरली नाही, की ते शोधत राहण्याची मुलाची तगमग पुष्कळ कमी होते. जेवणाच्या वेळा आणि पदार्थ चित्रांसह भिंतीवर लावावेत व त्यात आयत्या वेळी बदल करू नये. या मुलांना समवयस्कांपेक्षा कमी उष्मांक लागतात, म्हणून प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

कोल्हापुरात खरी अडचण आग्रहाची आहे. जोतिबाच्या यात्रेला, लग्नाच्या पंगतीला किंवा रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यांजवळून जाण्यापूर्वी काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगावे, आणि त्याच्या ताटाची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाकडे द्यावी. आजीने प्रेमाने हळूच दिलेला एक लाडूसुद्धा पुढच्या प्रत्येक भेटीत नवी आशा, आणि म्हणून नवा आकांत निर्माण करतो. हे आजीला आदराने, पण नि:संदिग्धपणे समजावणे आवश्यक आहे.

आकांत सुरू झाल्यावर वाद घालू नये, समजूतही घालू नये. आवाज खाली ठेवून एकच छोटे वाक्य बोलावे, आसपासच्या वस्तू दूर कराव्यात आणि थांबावे. शांत करण्यासाठी खाऊ देऊ नये, तसेच शिक्षा म्हणून ठरलेले जेवणही कधी रोखू नये. तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारल्यास एकदा उत्तर देऊन नंतर भिंतीवरील तक्त्याकडे बोट दाखवावे. कातडी खरवडण्याची सवय असल्यास नखे कापून ठेवावीत, जखम झाकावी आणि हातांना काम द्यावे.

या मुलांना उलटी क्वचितच होते आणि वेदनाही कमी जाणवतात. त्यामुळे उलटी झाली, पोट फुगले किंवा मुलाने अचानक अन्न नाकारले, तर तो हट्ट न समजता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि आजाराचे नाव डॉक्टरांना लगेच सांगावे.